उगारलेला हात धरणाऱ्या पेशी

प्रौढ उंदराच्या मेंदूत लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस या लांबलचक नावाचा एक विषाणू टोचला, तर तो उंदीर साधारण आठवड्याभरात झटके येऊन मरतो, आणि हे पाहणाऱ्याची पहिली समजूत अर्थातच अशी होते, की विषाणूने मेंदूचा नाश केला. परंतु त्या उंदराच्या शरीरातील टी-लसिकापेशी अगोदरच निकामी करून ठेवल्या, म्हणजे विषाणूशी झुंजण्यासाठी ज्यांची नेमणूक झालेली असते त्या शिबंदीलाच बाजूला सारले, तर विषाणू मेंदूत बेसुमार वाढतो आणि उंदीर मात्र जगतो. अनेकवार पडताळून पाहिलेल्या या गोष्टीचा अर्थ पचावयास जड आहे. त्या प्राण्याचा जीव शत्रूने घेतला नव्हता. शत्रू ज्या घरांत शिरून बसला होता त्या घरांवर घरच्याच रक्षकांनी केलेल्या हल्ल्यात तो गेला होता. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७३ च्या सुमारास याच विषाणूच्या साहाय्याने मारक टी-पेशी आपले सावज कसे ओळखते हे दाखवून दिले, आणि १९९६ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओळखीचा प्रश्न असा सुटला. पण ज्याच्या हाती इतके जालीम शस्त्र आहे तो रक्षक एरवी वर्षानुवर्षे ते आवरून कसे धरतो, आणि जेथे तो स्वतः आवरत नाही तेथे त्याला कोण आवरते, हा दुसरा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर मिळता मिळता विज्ञानाला दोनदा मागे फिरावे लागले.

मारक टी-पेशीचे काम पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटात तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवीत असते. दारावर लावलेली ही एक प्रकारची झडतीची यादीच असते. पेशीत विषाणू शिरला, किंवा ती कर्करोगाच्या वाटेने बिघडली, की या यादीत एखादा परका तुकडा दिसू लागतो. नेमका तोच तुकडा ओळखणारी मारक पेशी तेथून गेली, की ती त्या पेशीला घट्ट चिकटते, आपल्या आतील सूक्ष्म कणिका संपर्काच्या जागेकडे आणते आणि त्या कणिका मधल्या फटीत रिकाम्या करते. त्यांतील परफोरिन नावाचे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते; त्या वाटेने ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरतात आणि त्या पेशीला स्वतःचाच अंत घडवून आणण्यास भाग पाडतात. मारणारी पेशी स्वतः सुरक्षित राहते, सुटून पुढे जाते आणि एकामागून एक अशी अनेक सावजे टिपू शकते. यकृतातील पेशी असो, हृदयाच्या स्नायूची असो वा इन्शुलिन स्रवणारी स्वादुपिंडातील असो, यादीत खोट निघाली की तिची गय होत नाही.

हा अधिकार अर्थातच कोणाही पेशीला सहज मिळत नाही. कोवळ्या मारक पेशीला प्रथम लसिकाग्रंथीत, असे तुकडे मांडून दाखवणाऱ्या शाखायुक्त पेशींसमोर हजर व्हावे लागते आणि तेथे दोन निशाण्या पटाव्या लागतात: एक तो परका तुकडा, आणि दुसरी त्या शाखायुक्त पेशीच्या अंगावरील बी-७ या कुळातील प्रथिनांची, जी शरीरात काही खरोखरच बिघडले असल्याची ग्वाही देते. दुसरी निशाणी नसताना केवळ पहिली दिसली, तर पेशी पेटून उठण्याऐवजी बधिर होते. दोन्ही निशाण्या पटल्यानंतरही तिची संख्या वाढण्यासाठी इंटरल्यूकिन-२ नावाची रसद पुरेशी मिळावी लागते. म्हणजे परक्या तुकड्याचा दाखला, बी-७ चा परवाना आणि इंटरल्यूकिन-२ ची रसद या तीन ठिकाणी हा कारभार अडवता येण्याजोगा आहे. या तीन जागा वाचकाने ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे ज्या पेशींची हकीकत सांगावयाची आहे त्या नेमक्या येथेच दबा धरून असतात.

त्या पेशींचे पहिले दर्शन १९७० साली अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांना झाले. छातीच्या हाडामागे असलेली आणि वयात येताच झिजू लागणारी, म्हणूनच आपल्याकडील कोशकारांनी जिला ‘यौवनलोपी’ असे सुरेख नाव दिले, ती ग्रंथी रोगप्रतिकाराचे उगमस्थान आहे, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्येच लंडनमध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे त्या ग्रंथीतून निघणाऱ्या पेशी प्रतिकाराला मदत करतात, ही समजूत दृढ झाली होती. गर्शन आणि कोंडो यांनी उंदरांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींचे मोठमोठे डोस दिले, आणि त्यांना आढळले ते या समजुतीच्या उलट होते: ज्या उंदरांत यौवनलोपी ग्रंथीतील पेशी होत्या तेच उंदीर त्या परक्या रक्ताविषयी उदासीन झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा उदासीन उंदरांच्या पेशी निरोगी उंदरांत घातल्या, तेव्हा त्या निरोगी उंदरांचाही प्रतिसाद मावळला. उदासीनता जणू साथीच्या रोगासारखी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि गर्शन यांनी तिला ‘संसर्गजन्य सहिष्णुता’ असेच नाव दिले. प्रतिकार न होणे म्हणजे काही तरी उणे असणे, असे तोवर मानले जात होते. तो न होऊ देणारी स्वतंत्र पेशी असू शकते, ती मोजता येते, उचलून दुसरीकडे नेता येते, ही कल्पना येथे प्रथमच पायावर उभी राहिली. या पेशींना ‘सप्रेसर’, म्हणजे दमनकारी, असे नाव पडले.

पुढच्या दशकात या पेशींचा गाजावाजा अतोनात झाला. त्या गाजावाज्यात मला जे काम सर्वांत शांत आणि सर्वांत टिकाऊ वाटते ते न्यूयॉर्क राज्यातील सारानॅक लेक या डोंगराळ गावी झाले. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातून वाढलेल्या तेथील ट्रूडो इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट नॉर्थ आणि त्यांचे सहकारी उंदरांना कर्करोगाच्या पेशी टोचून त्यांचा प्रतिकार दिवसागणिक मोजत होते. गाठ वाढू लागली, की उंदराच्या शरीरात तिच्याविरुद्ध मारक पेशी निर्माण होत. त्यांचे बळ वाढे, आणि मग गाठ अजून आवरली गेली नाही तोच, नवव्या दिवसाच्या सुमारास, ते बळ ओसरू लागे. लढाई ऐन भरात असताना सैन्य माघारी बोलवावे, तसा हा प्रकार होता. १९८० साली नॉर्थ आणि त्यांचे सहकारी बेरेंट यांनी दाखवले, की त्या काळात गाठ असलेल्या उंदराच्या पानथरीत दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी जमा झालेल्या असतात आणि मारक पेशींचा जोर त्याच खाली आणतात. दोन वर्षांनी नॉर्थ यांनी याहून निर्णायक प्रयोग केला. गाठ जोपासलेल्या उंदराला केवळ प्रशिक्षित मारक पेशी दिल्या, तर गाठीवर परिणाम होत नसे. केवळ सायक्लोफॉस्फामाइड हे औषध दिले, तर गाठ काही काळ थबके आणि पुन्हा वाढे. पण अगोदर औषध आणि मागून पेशी असा क्रम ठेवला, तर गाठ विरघळून जाई. आणि त्या वेळी दुसऱ्या गाठग्रस्त उंदराच्या दमनकारी पेशी आत सोडल्या, तर हा सारा लाभ पुसला जाई. औषधाने गाठीवर आघात करण्यापेक्षाही मोठे काम केले होते ते गाठीचे संरक्षण करणाऱ्या पेशी मारण्याचे, असा याचा उलगडा होता.

एवढे भक्कम काम हाती असताना हे क्षेत्र कोसळले, आणि कोसळले ते स्वतःच्याच दप्तरातील एका नोंदीमुळे. दमनकारी पेशींची ओळख पटवणारी खूण म्हणून संशोधक उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावरील ‘आय-जे’ नावाच्या एका जागेकडे बोट दाखवीत असत. शेकडो निबंधांत या जागेचा हवाला दिला गेला होता. जनुकांचे प्रत्यक्ष वाचन करण्याची विद्या आली, तेव्हा १९८२-८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लिरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेने त्या भागाची इंच-इंच मोजणी केली, आणि त्या ठिकाणी असे जनुक मावण्याइतकी जागाच नसल्याचे निष्पन्न झाले. सातबाऱ्यावर नाव चढलेले, वर्षानुवर्षे सारा वसूल झालेला, आणि मोजणीला गेल्यावर जमिनीचाच पत्ता नाही, अशी ही स्थिती होती. त्याच १९८३ साली गर्शन यांचे निधन झाले. यानंतर ‘सप्रेसर’ हा शब्द उच्चारणेही संशोधकांना अवघड झाले. खूण खोटी ठरली म्हणून जिची ती खूण होती ती पेशीही खोटी, असा जो निकाल लागला तो माझ्या मते अन्यायाचा होता. नॉर्थ यांच्या उंदरांतील गाठी काही आय-जेच्या आधारावर विरघळल्या नव्हत्या.

सत्य या काळात दुसऱ्या एका वाटेने हळूहळू पुढे येत होते. जपानमधील नागोया येथे यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती: उंदराच्या पिलाची यौवनलोपी ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर मादीच्या बीजांडकोशाचा पुढे ऱ्हास होतो, तीच ग्रंथी सातव्या दिवशी काढली तर काहीही होत नाही. रोगप्रतिकाराचे उगमस्थान काढल्यावर प्रतिकार दुबळा व्हावा; येथे तर तो स्वतःच्याच अवयवांवर चालून जात होता. शिमॉन साकागुची या तरुण वैद्याला ही विसंगती स्वस्थ बसू देईना. त्यांनी निरोगी प्रौढ उंदराच्या टी-पेशी अशा पिलांना देऊन रोग टळतो असे दाखवले, आणि मग त्या गर्दीतून रक्षण करणाऱ्या नेमक्या पेशी कोणत्या, याचा शोध त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ चालवला, तोही अशा दिवसांत, की जेव्हा या विषयाला आश्रय देण्यास फारसे कोणी तयार नव्हते. १९९५ साली उत्तर मिळाले. टी-पेशींचा जो ‘मदतनीस’ म्हणवला जाणारा वर्ग, त्यातील शेकडा पाच ते दहांच्या अंगावर सीडी-२५ नावाचे प्रथिन सदैव भरपूर असते. तेवढ्याच पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी टी-पेशीहीन उंदरात सोडल्या, तर त्याच्या अवटू ग्रंथीपासून जठरापर्यंत अनेक अवयवांवर हल्ला होतो, आणि वगळलेल्या पेशी परत घातल्या की हल्ला थांबतो. आता या पेशींना ‘नियामक’ म्हणू लागले. नाव बदलले, पण गर्शन यांना जे दिसले होते तेच, अधिक स्वच्छ उजेडात, पुन्हा दिसत होते.

जे जनुक आय-जेच्या जागी सापडले नाही ते एका रोगट उंदराच्या वंशात सापडले. अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ साली काही नर पिले खवलेदार त्वचेची, सुजलेल्या लसिकाग्रंथींची आणि मोठ्या पानथरीची जन्मली व काही आठवड्यांतच मेली. त्या वंशाला ‘स्कर्फी’ असे नाव देऊन तो जोपासण्यात आला. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी वॉशिंग्टन राज्यातील एका औषधी कंपनीत या उंदरांच्या एक्स गुणसूत्रावरील संशयित भाग आकुंचित करीत आणला, त्यात उरलेली वीस जनुके एकेक तपासली, आणि दोष विसाव्यात निघाला. २००१ साली त्यांनी फॉक्स-पी-३ या नावाने ते जनुक जाहीर केले. याच जनुकातील दोषामुळे माणसाच्या मुलग्यांत तान्हेपणीच अतिसार, मधुमेह आणि त्वचारोग एकत्र घेऊन येणारा एक घातक विकार होतो, हेही स्पष्ट झाले. दोनच वर्षांनी साकागुचींसह तीन गटांनी हे जनुक नियामक पेशींच्या घडणीची गुरुकिल्ली असल्याचे सिद्ध केले. प्रौढ, निरोगी उंदरांतून या पेशी एकदम नाहीशा केल्या, तर दोन-तीन आठवड्यांत ते उंदीर मरतात, हे २००७ साली दिसले. म्हणजे ही केवळ बाळपणीची तजवीज नसून आयुष्यभर रोज करावयाचे काम आहे. ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गर्शन यांच्या पहिल्या निबंधाला पंचावन्न वर्षे झाली होती.

हे नियामक मारक पेशीला आवरतात कसे? वर ज्या तीन जागा सांगितल्या त्यांतील रसद आणि परवाना यांपासूनच सुरुवात करू. सीडी-२५ ही निव्वळ ओळखीची खूण नाही; ती इंटरल्यूकिन-२ पकडणाऱ्या ग्राहकाचा एक भाग आहे. नियामक पेशी स्वतः हा पदार्थ जवळजवळ बनवीत नाही, पण अंगावरील या ग्राहकांनी आसपासचा साठा शोषून घेते, आणि मारक पेशींच्या फौजेची वाढ रसदीअभावी मर्यादित राहते. परवान्याच्या ठिकाणी तिचे वर्तन अधिकच धीट आहे. तिच्या अंगावरील सीटीएलए-४ हे प्रथिन शाखायुक्त पेशीवरील बी-७ प्रथिनांना इतके घट्ट धरते, की ती अक्षरशः उपटून नियामक पेशीच्या आत ओढली जातात आणि तेथे नष्ट होतात. मग त्या शाखायुक्त पेशीकडे दाखवण्यास परवानाच उरत नाही. याखेरीज टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-१० यांसारखे शामक स्राव ती सोडते, आणि आपल्या पृष्ठभागावरील विकरांनी सभोवारच्या एटीपी या रसायनाचे ॲडेनोसीनमध्ये रूपांतर करते. हे ॲडेनोसीन मारक पेशीला मंद करते. यांतील बहुतेक उपाय मारक पेशी तयार होण्यापूर्वीचे किंवा तयार होतानाचे आहेत.

पण तयार झालेल्या, शस्त्र उगारलेल्या पेशीचे काय? बोस्टनमध्ये थॉर्स्टन मेम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली जिवंत उंदराच्या लसिकाग्रंथीत विशिष्ट सूक्ष्मदर्शकाने जे पाहिले ते या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण दृश्य आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. नियामक पेशींच्या सान्निध्यात वाढलेल्या मारक पेशींची घडण पुरती झालेली होती. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम यांचा दारूगोळा भरलेला होता. त्या नेहमीच्या वेगाने हिंडत होत्या, सावजाला अचूक शोधत होत्या, त्याला बिलगतही होत्या. आणि एवढे झाल्यावर कणिका मात्र सोडत नव्हत्या. शेवटच्या क्षणी, सावज मिठीत असताना, हात थांबत होता. हे घडण्यासाठी मारक पेशीला टीजीएफ-बीटाचा संदेश ऐकू यावा लागत असे. ज्या मारक पेशींत तो ऐकण्याची सोय बंद केली होती त्या बेधडक मारीत. आणि नियामक पेशी दूर केल्या, की थांबलेल्या पेशीही पुन्हा मारू लागत. मारक पेशीला ठार न करता, तिचे शस्त्र काढून न घेता, तिला केवळ तहकुबीचा हुकूम पोचवावा, आणि तो हुकूम मागे घेता यावा, इतकी नाजूक ही व्यवस्था आहे. प्रत्येक संसर्गानंतर शरीराने आपले लढवय्ये कायमचे मोडीत काढले असते, तर पुढच्या संसर्गाला सामोरे जाण्यास कोण उरले असते?

अर्थात ज्या व्यवस्थेने शरीर वाचते तिचाच आसरा घेऊन कर्करोग जगतो. गाठीतील पेशी आणि तेथील भक्षकपेशी सीसीएल-२२ नावाचा रासायनिक सांगावा धाडून नियामक पेशींना बोलावून घेतात, असे २००४ साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांच्या अभ्यासातून टायलर क्यूरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ज्या गाठींत या पेशी अधिक, त्या रुग्णांचे आयुष्य कमी, असा हिशेब निघाला. त्यांच्या जोडीला अस्थिमज्जेतून येणाऱ्या कच्च्या पेशींचा एक निराळा दमनकारी वर्गही गाठीत जमतो. तो आर्जिनिन हे टी-पेशींना आवश्यक असलेले अमिनो आम्ल फस्त करतो आणि मारक पेशीच्या ओळख-ग्राहकावरच रासायनिक आघात करून तो बोथट करतो. अशा गाठीत मारक पेशी सापडत नाहीत असे नाही. सापडतात, पण निष्प्रभ.

मग हे दमनच सैल करावे, हा विचार साहजिक होता, आणि सीटीएलए-४ ला रोखून उंदरांतील गाठी घालवण्याचे जेम्स ॲलिसन यांचे १९९६ चे काम रुग्णालयांत पोचले. त्यातून घडलेले इपिलिमुमॅब हे औषध २०११ साली त्वचेच्या घातक कर्करोगासाठी मंजूर झाले आणि ज्यांच्यापुढे काही महिन्यांचेच आयुष्य होते अशांपैकी काही जण त्याने वर्षानुवर्षे जगले. पण लगाम सैल केला की घोडा आपल्याला हव्या त्याच दिशेने धावेल असे नाही. अनेक रुग्णांना या औषधाने आतड्याचा दाह झाला, काहींचे यकृत व अंतःस्रावी ग्रंथी दुखावल्या. नागोयाच्या पिलांत जे दिसले होते त्याचेच हे सौम्य रूप होते. नियामक पेशी नेहमी केवळ अडवतातच, असेही समजू नये: २००८ साली उंदरांच्या जननमार्गातील हर्पीसच्या संसर्गात या पेशी काढून टाकल्या, तेव्हा प्रतिकार बळावण्याऐवजी रक्षक पेशी संसर्गाच्या जागी उशिरा पोचल्या आणि उंदीर लवकर मेले. कोणत्या पेशीने कोठे आणि केव्हा जावे, याचा बंदोबस्तही त्यांच्याकडे काही अंशी असतो, असे यावरून दिसते. सध्या संशोधकांची धडपड आहे ती संबंध शरीरातील नियामक पेशींना हात न लावता फक्त गाठीत वस्तीला आलेल्यांना हेरण्याची. त्यांच्या अंगावर सीसीआर-८ नावाची एक खूण विशेषकरून आढळते, आणि तिच्यावर नेम धरणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत.

या साऱ्या हकीकतीचे एक टोक आपल्या मुंबईलाही येऊन भिडले आहे. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्याने घडलेल्या, रुग्णाच्याच टी-पेशींना प्रयोगशाळेत नवा ओळख-ग्राहक बसवून त्या परत देण्याच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, आणि रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी तो आता दिला जातो. अशा उपचारात बहुतेक ठिकाणी पेशी परत देण्यापूर्वी काही दिवस रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे देण्याचा शिरस्ता आहे. शरीरात आधीपासून असलेल्या लसिकापेशींची गर्दी त्याने कमी होते, नव्या पेशींच्या वाट्याला रसद अधिक येते, आणि त्या गर्दीत ज्या नियामक पेशी असतात त्याही त्याबरोबर हटतात. अगोदर औषध, मागून पेशी, हा क्रम १९८२ साली सारानॅक लेकच्या उंदरांत जसा होता तसाच आजही आहे. तेव्हा जे औषध वापरले होते ते या दोहोंत अजून कायम आहे.